छत्तीस ते चाळीस

त्या काळी कुहमोत उडी मोजायला यंत्र नव्हतं.
उताराच्या कडेने आम्ही माणसंच उभी असायचो
दर चार मीटरला एक,
घोट्यापर्यंत बर्फात रुतलेली.
माझ्या वाट्याला छत्तीस ते चाळीस.
स्की टेकली की बघायचं, हात वर करायचा,
आकडा ओरडायचा.
टेबलाशी बसलेला तेन्हो तो लिहून घ्यायचा.
अठ्ठावीस वर्षं माझ्या नजरेवर कुणी शंका घेतली नाही.
दिवसा मी टपाल वाटायचो,
पत्ता चुकणं मला माहीतच नव्हतं.

मिर्का. सुताराची धाकटी. अकरा वर्षांची.
उडी सुरेख, पाय सरळ, अंग पुढे झोकलेलं,
पण पस्तीस ओलांडलं की
हवेतच काहीतरी आठवल्यासारखी
पाठ ताठ करायची, हात पसरायची
आणि खाली.
साडेसदतीस. सदतीस. साडेसदतीस.
दोन हिवाळे.
मी ओरडायच्या आधीच तिचे ओठ हलायचे.
अंधारातही आपल्याच दाराची कडी सापडावी
तसा तिला तो आकडा सापडायचा.

तेन्होने मेण बदललं, बूट बदलले,
शेवटी म्हणाला, ताकद आहे गं तुझ्यात, विश्वास ठेव.
तिने मान हलवली.
ठेवू, पण कुठे ठेवू,
असं काहीतरी चेहऱ्यावर.

फेब्रुवारीतला मंगळवार. उणे एकोणीस.
ती आली, टेकली,
माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर.
साडेसदतीस, शंकेला जागाच नाही.
आणि मी ओरडलो, "एकोणचाळीस!"

का, ते आजही सांगता येत नाही.
जीभ घसरली म्हणावं
तर हातही वर गेला होता.
तेन्होने लिहिलं.
तिने खालून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मग स्की खांद्यावर टाकून पायऱ्या चढू लागली.
एकशे बारा पायऱ्या.
एरवी मध्ये दोनदा थांबायची.

पुढच्या उडीला पस्तीस आलं, गेलं,
पाठ ताठ झाली नाही.
माझ्यासमोरून ती गेली तेव्हा
कापड फाटल्यासारखा आवाज झाला कानाशी.
एकेचाळीस. माझ्या हद्दीबाहेर.
तो आकडा खालच्या पाउलीने ओरडला,
आणि पाउली खोटं बोलायलाही फार आळशी.

पुढच्या आठवड्यात तिच्या भावाला मी दीड मीटर दिलं.
पोरगा हुरळला, सरावाला दांड्या मारू लागला,
मोठ्या टेकडीवर चढला
आणि गळ्याचं हाड मोडून घेतलं.
त्यानंतर मी कुणाला बोटभरही दिलं नाही.

मिर्का आता लाकडांचा ट्रक चालवते.
एकदा पेट्रोल पंपावर भेटली, कॉफी घेतली,
मी वीस वर्षांचं ओझं टेबलावर ठेवलं.
ती हसलीच.
पायांना कळतं हो, कुठे टेकलो ते.
साडेसदतीसच होतं.

मग?

मग काय.
तुम्ही किती साध्या आवाजात ओरडलात ते,
जणू कुणाच्या दारात पत्र टाकताय.
तेव्हा वाटलं,
एकोणचाळीस काही फार लांब राहत नसावं.

या हिवाळ्यात माझा खुबा बदलला.
दवाखान्याच्या मागच्या जिन्यात
अन्नुक्का नावाची मुलगी मला चालवते,
माझ्या नातीएवढी, हातात वही.
आज सकाळी म्हणाली,
काल नऊ चढलात, आज दहा बघू.

काल आठ होत्या.
टपाल्याला घरं मोजता येतात, पायऱ्याही येतात.

मी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ.
ती वहीत काहीतरी खरडत होती,
फार मन लावून.

मी कठडा धरला.